खिशातली पुरचुंडी

मावशी घाबरट होती, हे नाट्यगृहात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिनेही ते कधी लपवलं नव्हतं. लिफ्टमध्ये ती एकटी चढत नसे. कुठल्याही कागदावर सही करायची म्हटली की आधी पेन झटकायची, मग हात झटकायची आणि मग विचारायची, "यात माझ्यावर काही येणार नाही ना?" एकदा रजेच्या अर्जावरही तिने हेच विचारलं होतं, आणि रजा तिचीच होती.

"मावशी, तू स्वतःच्या लग्नातही विचारलं असशील," दिवेवाला म्हणायचा.

"तिथे नाही विचारलं, म्हणून तर..." असं म्हणून ती पुढचं वाक्य इस्त्रीखाली दाबून टाकायची. नवरा लेक चार वर्षांची असताना कामाला म्हणून गेला तो गेलाच. त्यावर याहून जास्त ती कधी बोलली नाही.

दिवेवाला तिच्याहून चार वर्षांनी मोठा, तरी तिला मावशीच म्हणायचा. व्यवस्थापक मावशी म्हणायचा, तिकीट फाडणारा मावशी म्हणायचा, सत्तरीचा पेटीवाला मावशी म्हणायचा. बावीस वर्षांत तिचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं.

तिचं राज्य म्हणजे कपडेपटाची खोली. रंगमंचाच्या डाव्या अंगाला, बिनखिडकीची. दोन इस्त्र्या, एक मोरी, एक पत्र्याची पेटी आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी दांडा. दांड्यावर राजांचे अंगरखे, भिकाऱ्यांच्या कफन्या, वकिलांचे काळे डगले आणि सात लोकरी कोट. या सात कोटांवर तिचा जीव. लोकरीला कसर लागते, आणि एकदा लागली की महिन्याभरात कोटाची चाळण होते. विकतच्या पांढऱ्या गोळ्यांच्या वासाने नटांना शिंका येतात, म्हणून मावशीने स्वतःचा उपाय काढला होता. कडू पाला सावलीत वाळवायचा, चुरायचा, मलमलीच्या चिंध्यांत बांधायचा आणि ती पुरचुंडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची. बांधायची रीतही तिची स्वतःची होती. दोऱ्याचे तीन वेढे आणि वर सुईने आडवा टाका, म्हणजे पाला सांडत नाही. प्रयोगाआधी पुरचुंडी काढायची, इस्त्रीच्या टेबलावरच्या ताटलीत ठेवायची, प्रयोग संपला की परत खिशात. जादा पुरचुंड्या पत्र्याच्या पेटीतल्या डब्यात. बावीस वर्षांत एकदाही चूक नाही.

त्या सातांतला तपकिरी कोट आठवड्यातून चार संध्याकाळी वीर घालायचा. तो विनोदवीर होता, पण एवढा लांब शब्द कोण उच्चारणार, म्हणून दिवेवाल्याने त्याचं नुसतं वीर केलं होतं. पोरगेलासा, उंच, डोळ्यांखाली काळं, आणि बोलायला लागला की दगडालाही हसू फुटावं असा. एकटा उभा राहायचा, हातात माइक, मागे काही नाही. आणि दीड तास बोलायचा कशावर, तर स्वतःच्या गांजावर.

"मी व्यसनी नाही हो," तो सुरुवात करायचा. "व्यसनी माणसाला रोज लागते. मला मधल्या वेळेतही लागते."

हशा.

"डॉक्टरांनी विचारलं, ओढता का? म्हटलं, आधी दार लावा, मग दोघं ओढू."

पुन्हा हशा. आणि हसणारे कोण? पहिल्या रांगेत पास घेऊन बसलेले मोठमोठे अधिकारी, त्यांच्या बायका, वकील, एकदा तर म्हणे न्यायाधीशही. हे सगळं बेकायदा आहे, हे बोलणाऱ्याला माहीत, ऐकणाऱ्याला माहीत. पण तो माइकमधून बोलला की विनोद व्हायचा.

मावशीला हे गणित सुटत नसे. कारण याच नाट्यगृहाच्या मागच्या फाटकात, याच वर्षी, झाडूवाल्या दादाला पकडून नेलं होतं. सदऱ्याच्या खिशात नखाएवढी पुडी सापडली. दुपारी त्याला नेलं आणि संध्याकाळी वीराने त्याच विषयावर दीड तास टाळ्या घेतल्या. अकरा महिने झाले, दादा आतच होता. खटला उभाच राहत नव्हता. आता त्याची बायको झाडू मारायची.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," दिवेवाला म्हणाला होता. मग थोडा थांबून, "म्हणजे संन्यासी तोही नव्हता म्हणा. पण चोरालाही काही नाही, हे कसं?"

"हळू बोला," मावशी म्हणाली होती. "भिंतीला कान असतात."

"इथल्या भिंतीला काथ्या लावलाय. आवाज घुमू नये म्हणून."

तर असं सगळं चालू असताना तो दिवस आला.

मावशीची लेक दुसऱ्या गावी परिचारिकेचं शिक्षण घेत होती. शेवटचं वर्ष. सरकारी रुग्णालयात जागा निघाली होती आणि तिचं नाव यादीत लागलं होतं. प्रयोगाला अर्धा तास असताना तिचा फोन आला.

"आई, अर्जात तुझा व्यवसाय काय लिहू?"

"कपडेपट सांभाळते, लिही."

"तसा रकाना नाही गं. बरं, ते मी बघते. दुसरं म्हणजे चारित्र्याचा दाखला लागणार आहे. पोलिसांचा. माझा कायमचा पत्ता आपल्याच घरचा, त्यामुळे तुझ्याकडे चौकशीला माणूस येईल."

"पोलीस?"

"आई, घाबरू नकोस. सगळ्यांच्या घरी जातात. घरात कुणावर काही गुन्हा नाही ना, एवढंच विचारतात. काही असलं तर मात्र जागा गेली. आपलं काय असणार आहे?"

"काही नाही," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वतःशी मोजत राहिली, की खरंच काही नाही ना. एकदा ग्रंथालयाचं पुस्तक परत केलं नव्हतं. एकदा बसचं तिकीट काढायचं राहिलं होतं. या मोजामोजीत तिने सहा कोटांतल्या पुरचुंड्या काढल्या. सातवी तपकिरी कोटात राहिली.

वीर रंगमंचावर गेला. विसाव्या मिनिटाला घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून त्याने आतल्या खिशात हात घातला आणि पुरचुंडी बाहेर आली. विंगेत उभ्या मावशीने कपाळावर हात मारला. बाई, माझी चूक, आता हा चिडणार.

वीर चिडला नाही. त्याने ती नाकाशी नेली, डोळे मोठे केले आणि प्रेक्षकांना दाखवली.

"थांबा. हे माझं नाही."

हशा.

"सगळे हेच म्हणतात ना? साहेब, हे माझं नाही. पण खरंच माझं नाही. माझं असतं तर आत्तापर्यंत शिल्लक राहिलं असतं का?"

नाट्यगृह हशाने दणाणलं. वीराने मान वळवून विंगेकडे पाहिलं.

"मावशी. आमची कपडेवाली मावशी. बाकीच्यांच्या मावश्या खिशात रुमाल ठेवतात. आमची बघा, किती काळजी करते. अशी बांधलीय, जणू लेकराचा डबा. मी इतकी वर्षं विचार करत होतो, माल येतो कुठून? अहो, घरचाच आहे."

लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. दिवेवालाही हसला, मग मावशीचा चेहरा पाहून थांबला. ती पडद्याची कड घट्ट धरून उभी होती.

प्रयोगाचं चित्रण व्हायचं. दोन दिवसांत तो तुकडा फोनाफोनांवर फिरला. मावशीच्या फोनला बटणं होती, म्हणून तिला तो शेजारणीने दाखवला, जिन्यात अडवून.

"हे तुमच्याबद्दलच ना हो? आमचे हे म्हणाले, बाई भलतीच पोहोचलेली दिसते." शेजारीण हसत होती, पण बोलताना तिने आपल्या घराचं दार मागच्या मागे ओढून घेतलं होतं.

भाजीवाल्याने विचारलं, "मावशी, ताजा पाला हवाय का?" घरमालकाने काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं. आणि तिसऱ्या दिवशी मागच्या फाटकात दोन अनोळखी तरुण उभे राहिले. एक म्हणाला, "एक द्या ना मावशी, वीरवाली." ती म्हणाली, "अरे बाळा, तो विनोद आहे." तर तो म्हणाला, "हो हो, कळलं. आम्हाला पण एक विनोद द्या."

हे दादाची बायको, झाडूवाली वहिनी, ऐकत होती. ते दोघं गेल्यावर ती केर गोळा करत म्हणाली, "मावशी, हे हसण्यावारी नेऊ नका. यांना नेलं तेव्हा आधी चौकीत सगळे हसलेच होते. हवालदार म्हणाले, नाट्यगृहाचा माणूस का, मग नक्कल करून दाखव. यांनी दाखवली. हसले. मग आत टाकलं."

त्या दिवसापासून मावशीचं ताट अर्धं राहायला लागलं. दाराची घंटा वाजली की ती आधी गॅस बंद करायची, मग दार उघडायची. का, ते तिलाच माहीत नव्हतं. घर उघडं टाकून जावं लागलं तर आग लागू नये, असं काहीसं.

तिने वीराला सांगून पाहिलं. तो आरशासमोर केस विंचरत होता.

"ते पुरचुंडीचं काढा हो त्यातून."

"मावशी, वेड्या आहात का? सगळ्यात मोठा हशा आहे तो. आता मी मुद्दाम ठेवायला सांगणार होतो."

"लोक खरं समजतात."

"समजू द्या. मी तर रोज कबुली देतो, माइकवर, चारशे लोकांसमोर. माझ्यावर आजवर कुणी बोट ठेवलंय?"

"तुमच्या कबुलीला टाळ्या पडतात," मावशी म्हणाली. "माझी कुणी मागितली तर काय पडेल?"

वीर हसला. "हे छान आहे. कार्यक्रमात घेऊ का?"

तो वाईट नव्हता, हेच अवघड होतं. तिच्या गुडघ्यासाठी त्याने मलम आणून दिलं होतं. प्रयोगानंतर कोट नीट काढून द्यायचा, बाकीच्यांसारखा फेकायचा नाही. पण एखादी गोष्ट विनोद झाली की ती कुणाला दुखते, हे त्याला दिसतच नसे. तेव्हापासून रोज पुरचुंडी खिशात ठेवायची आणि विसाव्या मिनिटाला ती निघायची. मावशी रोज विंगेत उभी राहून ते ऐकायची. नकोसं वाटायचं, पण आज हा काय नवीन बोलतो, हे न ऐकता घरी जाणं त्याहून भीतीचं होतं.

लेकीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता.

"आई, वसतिगृहातल्या मुलींनी ते बघितलं. हसत होत्या. मी सांगितलंच नाही की ती तू आहेस."

"बरं केलंस."

"चौकशीचा माणूस आला का?"

"नाही अजून."

"आई, त्याने जर ते बघितलं असेल तर?"

मावशीला वाटलं, काहीतरी धीराचं बोलावं. पण धीर हा तिच्या घरातला जिन्नसच नव्हता. "जेवलीस का?" एवढंच ती म्हणाली.

मग एका गुरुवारी दुपारी, चारच्या सुमाराला, ती पुरचुंड्यांतला पाला बदलायला बसली. महिन्यातून एकदा जुना टाकायचा, नवा भरायचा. पेटीतला पुरचुंड्यांचा डबा उघडला. एक उचलली, टाका कापला, पाला ओतला. दुसरी उचलली. तिसरी हातात घेतली आणि तिचा हात थांबला.

दोऱ्याचे वेढे दोनच होते. वर आडवा टाका नव्हता. बुटाच्या नाडीला मारतात तशी गाठ होती.

एखाद्याला आपल्या हस्ताक्षरात दुसऱ्याने लिहिलेली चिठ्ठी सापडावी, तसं तिला झालं. चिंधी तिचीच होती, दोरा तिचाच होता, हात तिचा नव्हता. तिने ती नाकाशी नेली. कडू वास नव्हता. दमट, गोडसर, घशाशी येणारा वास होता. मागच्या फाटकात कधीकधी यायचा तोच.

ती उठली, खोलीचं दार लावलं, मग वाटलं बंद दार जास्त संशयाचं, म्हणून उघडलं. पुरचुंडी कुठे ठेवावी कळेना. पेटी तिची, ताटली तिची, टेबल तिचं, खोलीची किल्ली तिच्या कमरेला. या खोलीत तिचं नाही असं काहीच नव्हतं. शेवटी तिने ती उजव्या मुठीत धरली आणि तशीच उभी राहिली.

वीर शीळ घालत आला. हातात चहाचा पेला.

मावशीने मूठ उघडून दाखवली. "हे काय?"

त्याने पाहिलं, आणि लहान मुलासारखं ओशाळून हसला. "अरेच्चा. सापडली का? ती माझी."

"माझ्या पेटीत?"

"मावशी, खोलीवर ठेवायची सोय राहिली नाही. हल्ली माझ्या वाटेवर नाकाबंदी असते. मग म्हटलं, अख्ख्या गावात याहून सुरक्षित जागा कुठली? इथे कुणी बघणारच नाही. आणि बघितलं तरी सगळ्यांना माहितेय, तो विनोद आहे."

"अहो, दादाला नखाएवढ्यासाठी नेलं."

"दादाचं वेगळं."

"काय वेगळं?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली, आणि मावशीची मूठ आपोआप मिटली.

दारात हवालदार उभा होता. गणवेशात, काखेत जाडजूड फाइल, टोपी हातात.

"कपडेपट सांभाळणाऱ्या बाई आपणच ना? घरी गेलो होतो, कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी इथे पाठवलं. मुलीच्या चारित्र्याच्या दाखल्याचं होतं."

"या," मावशी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

हवालदाराची नजर वीरावर गेली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे वा. तुम्ही? आमच्या चौकीत सगळे बघतात तुम्हाला. ते व्यसनी माणसाला रोज लागते... काय ते पुढे?"

"मधल्या वेळेतही लागते," वीर म्हणाला.

"हां." हवालदार खदखदून हसला. मग त्याने मावशीकडे पाहिलं, कोटांकडे पाहिलं, पुन्हा मावशीकडे पाहिलं. "म्हणजे त्या मावशी या? घरचाच माल?"

मावशी सरकून टेबलाला टेकली.

"दाखवा ना एक पुरचुंडी. बघू तरी कशी असते."

तिने डाव्या हाताने डब्यातली एक काढून दिली. हवालदाराने ती उलटीसुलटी केली, दोऱ्यावरून अंगठा फिरवला, वास घेतला, तोंड वाकडं केलं. "कडूजहर." मग त्याचं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. "आणि त्या मुठीत काय आहे?"

खोलीत इस्त्रीचा बारीक आवाज येत होता. मावशीला लेकीचा पांढरा गणवेश दिसला, मग मागचं फाटक दिसलं, मग काहीच दिसेना.

"त्यात?" वीर चहाचा घोट घेऊन म्हणाला. "त्यात खरा माल आहे. माझा. ही नुसती सांभाळते."

हवालदाराने आधी मुठीकडे, नंतर वीराकडे पाहिलं. मग हवालदार हसायला लागला. आधी बारीक, मग पोट धरून. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय माणूस आहे. पोलिसासमोर, तोंडावर," तो म्हणत राहिला. वीरही हसला. आणि मावशी, जिच्या मुठीत ते होतं, तीही हसली. तिचे दात वाजत होते, तेच हसण्यासारखं ऐकू येत होतं.

हवालदाराने टेबलाच्या कडेला फाइल उघडली. "घरात कुणावर गुन्हा?"

"नाही."

"तक्रार?"

"नाही."

"वर्तणूक चांगली," त्याने लिहिलं, खाली सही ठोकली. "पंधरा दिवसांत दाखला निघेल. वरून एकदा साहेब बघतात, तेवढंच." वीराबरोबर फोटो काढून तो गेला.

त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावरून संपेपर्यंत मावशी हलली नाही. मग मोरीकडे गेली, गाठ दातांनी तोडली आणि नळ सोडला.

"अहो, अहो, काय करताय? तेवढं सगळं?" वीराचा चेहरा खरोखर पडला. पण तो लगेच सावरला, येरझारा घालू लागला. "जाऊ दे. मावशी, काय प्रसंग होता. त्या मुठीत काय आहे? खरा माल. आणि तो हसतोय. मी हे आजच घेतो."

मावशीने नळ बंद केला. "काय घेता?"

"हेच. हवालदार आला, मी खरं सांगितलं, तो हसला आणि चांगल्या वर्तणुकीची सही करून गेला. याच्याहून मोठा विनोद मला जन्मात सुचणार नाही."

"अहो, त्याचे साहेब बघायचे आहेत अजून. पंधरा दिवस आहेत. त्यांनी हे फोनवर पाहिलं तर ते त्या माणसाला बोलावतील. तो परत इथे येईल. तेव्हा हसेल का?"

"मी नाव नाही घेणार."

"नाव तुम्ही कधीच घेत नाही. मावशी म्हणता. इथे मावशी एकच आहे."

"तुम्ही फार विचार करता."

"मी तुमच्या पाया पडते."

"मावशी, असं बोलू नका." त्याला खरंच अवघडल्यासारखं झालं. त्याने दांड्यावरचा तपकिरी कोट काढून अंगात घातला. "बघतो. बघतो म्हटलं ना."

बघतो म्हणजे काय, हे बावीस वर्षं नटांचे कपडे सांभाळणाऱ्या बाईला कुणी शिकवायला लागत नाही.

ती दिव्यांच्या कळांच्या फळीजवळ गेली. दिवेवाल्याला तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याने ऐकलं, कान खाजवला.

"चालू प्रयोगात अंधार केला तर तुझी नोकरी जाईल. माझी आधी जाईल."

"माहितेय."

"मग मला सांगतेस कशाला?"

"दुसऱ्या कुणाला सांगू?"

नाटकांच्या प्रयोगात एक प्रवेश संपून दुसरा सुरू होताना दिवे जायचे, आणि त्या आठ-दहा सेकंदांत मावशी अंधारात रंगमंचावर जाऊन नटाचा अंगरखा उतरवायची, दुसरा चढवायची. कपडे घेऊन ती तयार झाली की हलकेच म्हणायची, "अंधार," आणि दिवेवाला कळ ओढायचा. दोघांनी हे हजारो वेळा केलं होतं. पण एकट्या वीराच्या कार्यक्रमात कपडे बदलायचेच नसत, म्हणून अंधारही नसे.

प्रयोग सुरू झाला. मावशी विंगेत उभी राहिली. पाचवं मिनिट गेलं, दहावं गेलं. चित्रण करणाऱ्या यंत्राचा लाल ठिपका समोर पेटलेला होता. विसाव्या मिनिटाला वीराने खिशात हात घातला, पुरचुंडी काढली, नेहमीचा हशा आला. तो ओसरू लागला तसा वीर पुढे आला आणि आवाज खाली आणला. नवीन काही सांगायचं असलं की तो असाच आवाज खाली आणायचा.

"आज दुपारची गोष्ट. खरी. मी आणि मावशी कपड्यांच्या खोलीत, आणि दारात उभा कोण?"

लोक पुढे सरकले.

"अंधार," मावशी म्हणाली.

दिवेवाल्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याचा हात गेला आणि कळ खाली आली. दिवे गेले, त्याच तारेवरचा माइकही गेला. नाट्यगृहात कुणीतरी "ओ" केलं, कुणी शीळ घातली.

ती फळ्यांवरून चालत गेली. किती पावलं, कुठली फळी करकरते, तिच्या पायांना पाठ होतं. वीर होता तिथेच उभा होता. तिने मागून कॉलरला हात लावला. "हात मागे," ती कुजबुजली. आणि अंगात मुरलेली सवय म्हणा, त्याने हात मागे केले. कोट उतरला.

"मावशी, काय चाललंय?"

"ती माझी एकुलती एक लेक आहे हो. हे सांगितलंत तर तुम्हाला टाळ्या मिळतील. तिला नोकरी नाही मिळणार."

"मला विनोद पूर्ण तरी करू द्या."

"माझ्यावर करू नका. स्वतःवर करा. ते तुम्हाला परवडतं."

तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि पहिल्यांदाच त्यात एक लय चुकल्यासारखी वाटली. ती कोट छातीशी धरून परत निघाली, आणि ती विंगेत पोचेपर्यंत दिवेवाल्याने दिवे दिले नाहीत.

उजेड आला तेव्हा वीर नुसत्या सदऱ्यात उभा होता, हातात पुरचुंडी. चारशे लोक वाट पाहत होते. त्याने विंगेकडे पाहिलं. मावशी कोटाच्या बाहीत तोंड दाबून उभी होती. तिला वाटलं, आता हा सांगणार, आता हा कोटाचंही सांगणार.

"दारात," वीर म्हणाला, "घरमालक. भाडं मागायला." आणि मग घरमालकाची एक जुनी गोष्ट लावली. हशा बेताचाच आला.

प्रयोगानंतर तो तिच्याशी बोलला नाही. व्यवस्थापकाने दिवेवाल्याला बोलावलं, तर तो म्हणाला, कळ जुनी झालीय, आपोआप पडते, तीन वर्षं सांगतोय बदला म्हणून. ते खरं होतं. कळ बदलली, माणूस राहिला.

दाखला सोळाव्या दिवशी निघाला. ते सोळा दिवस मावशीने कसे काढले, ते विचारू नये. लेक रुजू झाली. पांढऱ्या गणवेशातला तिचा फोटो पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेला आहे. मावशी अजूनही लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, आणि घंटा वाजली की गॅस आधी बंद करते. जादा पुरचुंड्या आता कुलपातल्या डब्यात असतात.

वीर दोन महिन्यांनी दुसऱ्या, मोठ्या नाट्यगृहात गेला. जाताना गुडघ्याच्या मलमाची एक बाटली ठेवून गेला, चिठ्ठी नाही. मावशीला वाटलं, सुटले. मग एके दिवशी दिवेवाल्याने तिला फोनवर नवीन तुकडा दाखवला. मोठा रंगमंच, नवा कोट. विसाव्या मिनिटाला हात खिशात, आणि पुरचुंडी बाहेर. "आमचे शिंपीकाका," वीर सांगत होता. "बाकीच्यांचे शिंपी खिशाला अस्तर लावतात..."

"तिथे खरंच कुणी शिंपी आहे का?" मावशीने विचारलं.

"असेल. एवढं मोठं नाट्यगृह आहे."

"नंबर काढून द्या."

"मावशी, तू आणि फोन करणार? अनोळखी माणसाला?"

"द्या म्हटलं ना."

त्याने कुठूनतरी काढून दिला. मावशीने पेन झटकलं, हात झटकला, नंबर लिहून घेतला, तीनदा चुकीचा लावला, चौथ्यांदा लागला. पलीकडे म्हातारा आवाज होता, शिवणयंत्राची खडखड ऐकू येत होती. तिने सांगितलं, आपण कोण, कुठून बोलतोय, आणि खिशांतून, डब्यांतून जे काही असेल त्याच्या गाठी रोज तपासत जा, आपल्या हातची नसलेली दिसली तर...

शिंपीकाका हसायला लागले. "तुम्हीही पाहिलात का तो कार्यक्रम? अहो, माझी नातवंडं रोज लावतात. सगळ्या गल्लीत मला आता मालवाले काका म्हणतात."

मावशीने त्यांचं हसणं संपेपर्यंत वाट पाहिली. मग फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.